व्हेंटेड ड्रायरचे परीक्षण: खरी कसोटी हवेच्या वाटेची

सात किलो क्षमतेचा, दमट हवा नळीवाटे घराबाहेर सोडणारा विजेवरचा ड्रायर आमच्या घरी काही वर्षे नियमित वापरात आहे. या काळात त्याने केलेले काम, दिलेला त्रास आणि त्याची ठेवावी लागलेली निगा या तिन्हींचा विचार करून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: कपडे वाळवण्यात हे यंत्र उत्तम आहे आणि त्याची बांधणी भक्कम आहे, परंतु हवा ज्या वाटेने आत येते आणि बाहेर जाते ती वाट साफ ठेवण्याची सोय करताना रचनाकारांनी पुरेसा विचार केलेला नाही. ड्रायरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच वाटेत सापडते, त्यामुळे ही उणीव मला किरकोळ वाटत नाही. कंपनीचे नाव देण्याचे मी टाळले आहे, कारण अशाच रचनेची यंत्रे अनेक कंपन्या बनवतात आणि पुढची बरीचशी निरीक्षणे त्यांनाही लागू पडतील.

यंत्राची अंतर्गत रचना साधी आहे. खोलीतली हवा मागच्या बाजूने आत ओढली जाते, २,००० वॅटच्या हीटरवरून जाताना तापते, फिरत्या ड्रममधल्या कपड्यांतून जाताना त्यांचे पाणी टिपून घेते, दाराखालच्या जाळीत कपड्यांतून झडलेले तंतू, म्हणजे लिंट, मागे ठेवते आणि पंख्याच्या जोरावर नळीतून बाहेर पडते. ड्रम मिनिटाला सुमारे ५० फेरे घेतो. कपडे ड्रमच्या कडेला चिकटून न राहता वर जाऊन पुन्हा खाली पडावेत आणि त्यांच्या घड्यांत हवा शिरावी, अशा बेताने ही गती ठरवलेली असते. ड्रम आणि पंखा एकाच मोटरवर चालतात, ही गोष्ट बिघाड शोधताना फार उपयोगी पडते.

वाळवण्याच्या कामगिरीबद्दल माझी तक्रार नाही. वॉशिंग मशीनमध्ये मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या गतीने पिळलेले पाच किलो सुती कपडे दीड तासाच्या आसपास पूर्ण वाळतात, टॉवेल मऊ निघतात आणि चादरींना दमट वास राहत नाही. मात्र याचे निम्मे श्रेय पिळणीला द्यायला हवे. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट वीज लागतेच, आणि हीटरवर चालणाऱ्या कोणत्याही ड्रायरला हा खर्च चुकवता येत नाही. बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर वाया जाणारी उष्णता धरली तर तो आणखी वाढतो. पाच किलो सुती कपड्यांत ८०० फेऱ्यांच्या पिळणीनंतर साधारण साडेतीन किलो पाणी उरते, तर १,४०० फेऱ्यांनंतर अडीच किलोच्या आसपास. हे एक किलो पाणी पिळून काढायला वॉशिंग मशीनला जेवढी वीज लागते, त्याच्या कित्येक पट वीज ते वाफेच्या रूपात उडवायला लागते. म्हणून ‘ड्रायर फार वेळ घेतो’ अशी तक्रार असेल, तर ड्रायर उघडण्यापूर्वी वॉशिंग मशीनची पिळणी तपासावी. कपडे ड्रायरमध्ये टाकताना त्यांतून पाणी ठिबकत असेल, तर दोष ड्रायरचा नव्हे.

सात किलो हा आकडा कोरड्या कपड्यांच्या वजनाचा आहे. प्रत्यक्षात ड्रम दोन-तृतीयांशाच्या वर भरला की कपड्यांना उलटण्यापालटण्यास जागा उरत नाही आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या ढिगाच्या पोटात ओलावा शिल्लक राहतो. मोठ्या चादरी एकत्र टाकल्या तर त्या एकमेकींभोवती गुंडाळल्या जातात. त्यांच्यासोबत दोन-तीन लहान टॉवेल टाकले आणि मध्ये एकदा यंत्र थांबवून गुंता सोडवला तर काम बरेच सुधारते.

यंत्रावर कार्यक्रमांची यादी लांबलचक आहे, पण त्यांतले तीन-चारच खरोखर उपयोगाचे आहेत. ओलाव्याच्या सेन्सरवर चालणारा सुती कपड्यांचा कार्यक्रम सर्वांत विश्वासार्ह ठरला. ड्रमच्या तोंडाशी दोन धातूच्या पट्ट्या असतात. ओले कापड दोन्हींना एकाच वेळी टेकले की त्यातून अत्यल्प विद्युत प्रवाह वाहतो, आणि तो वाहीनासा झाला की कपडे वाळले असे यंत्र ठरवते. कपडे फारच थोडे असतील तर ते पट्ट्यांना क्वचितच टेकतात आणि यंत्र वेळेआधी थांबते. अशा वेळी ठरावीक मिनिटांचा कार्यक्रम लावणे बरे. पुरेसे कपडे असूनही यंत्र ते ओलेच असताना थांबू लागले, तर या पट्ट्यांवर कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा किंवा कागदांचा पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर बसला आहे असे बहुधा समजावे. मऊ कापड स्पिरिटमध्ये भिजवून पट्ट्या पुसल्या की सेन्सर पुन्हा नीट काम करू लागतो. इतक्या सोप्या उपायासाठी मेकॅनिकला बोलावण्याची गरज पडू नये, पण सोबतच्या पुस्तिकेत याविषयी जेमतेम एक ओळ आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. लिंटची जाळी दाराच्या खालच्या कडेला एका अरुंद खाचेत बसवलेली आहे. प्रत्येक वेळी कपडे वाळवल्यानंतर ती बाहेर काढून साफ करायची असते, आणि ते काम अर्ध्या मिनिटाचेही नाही. परंतु जाळी वर ओढताना तिच्यावरचा काही भुसा हटकून खाचेत पडतो, तिथून तो पंख्याच्या आवरणात आणि पुढे नळीत जातो. खाच इतकी अरुंद आहे की हात आत जात नाही, आणि व्हॅक्यूम क्लीनरचे नेहमीचे तोंडही अडते. लांब दांड्याचा लवचीक ब्रश वेगळा घ्यावा लागतो, तो यंत्रासोबत मिळत नाही. ज्या यंत्रांत ही खाच रुंद असते किंवा खालचा भाग चार स्क्रू काढून उघडता येतो, त्यांची देखभाल कितीतरी सुलभ असते, आणि निवड करताना मी या एका गोष्टीला सगळ्या कार्यक्रमांपेक्षा अधिक महत्त्व देईन.

जाळी स्वच्छ दिसते म्हणजे ती स्वच्छ असतेच असे नाही. कपडे मऊ करणाऱ्या कागदांतले मेणासारखे द्रव्य जाळीची बारीक छिद्रे बुजवते आणि वर मात्र काहीच दिसत नाही. तपासण्याची रीत सोपी आहे: जाळी नळाखाली धरावी, पाणी सहज पार झाले तर ठीक, ते वर साचून राहिले तर गरम पाणी, भांडी घासण्याचा साबण आणि मऊ ब्रश घेऊन ती धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावी. जाळी फाटली असेल, तर ती बदलेपर्यंत यंत्र वापरू नये.

या यंत्रात आलेला सर्वांत गंभीर बिघाड असा: ड्रम फिरत होता, पंखा चालू होता, परंतु हवा थंड होती. त्याआधी काही आठवडे कपडे वाळायला लागणारा वेळ वाढत चालला होता आणि यंत्राचा वरचा पत्रा नेहमीपेक्षा जास्त तापत होता. ही दोन लक्षणे एकत्र दिसली की हवेचा मार्ग तुंबला आहे असे जवळपास खात्रीने म्हणता येते, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नळी तुंबली की हीटरवरून जाणारी हवा कमी होते, हीटरभोवतीचे तापमान चढते, तापमान मर्यादेत ठेवणारा थर्मोस्टॅट हीटरला वारंवार बंद करतो, आणि त्यामुळे यंत्र तापलेले असूनही कपडे वाळत नाहीत. कपडे हाताला गरम पण दमट लागत असतील तर संशय नळीवर घ्यावा. ते गार आणि दमट असतील तर संशय हीटरच्या विद्युत मार्गावर घ्यावा. एवढा एक फरक ध्यानात ठेवला तरी निम्मे निदान घरच्या घरी होते.

तुंबलेल्या अवस्थेत यंत्र चालतच राहिले की अखेरीस थर्मल फ्यूज जातो. हा हीटरच्या आवरणावर बसवलेला एक छोटा भाग असतो. ठरावीक मर्यादेपलीकडे तापमान गेले की तो कायमचा तुटतो आणि हीटरचा प्रवाह बंद होतो. काही यंत्रांत तो मोटरच्या मार्गात असतो, आणि तो गेला की यंत्र सुरूच होत नाही. सर्व्हिस सेंटरकडून आलेल्या तंत्रज्ञाने फ्यूज बदलला, यंत्र गरम झाल्याचे दाखवले आणि तो निघाला. नळीकडे त्याने पाहिलेही नाही. यंत्र पुढे ओढून पाहिले तेव्हा मागची चांदीच्या वर्खासारखी घडीची नळी भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये चेपून चपटी झालेली होती आणि तिच्या घड्यांत लिंट ठासून बसले होते. ते तसेच राहिले असते तर नवा फ्यूजही लवकरच गेला असता. फ्यूज जाणे हा स्वतः रोग नव्हे, तो का गेला हे शोधल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असे मानता येत नाही, आणि सेवा देणाऱ्यांनी हे ग्राहकाला सांगायला हवे. या एका बाबतीत मी या कंपनीच्या सेवेला कमी गुण देतो.

ज्यांना मल्टिमीटर वापरता येतो त्यांना हीटर आणि फ्यूज स्वतः तपासता येतात. त्याआधी प्लग सॉकेटमधून काढलेलाच हवा. केवळ बटण बंद करून भागत नाही. फ्यूजच्या दोन टोकांत सलग मार्ग मिळाला नाही तर तो गेलेला असतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २,००० वॅटच्या हीटरचा रोध सुमारे २६ ओहम असतो. मीटरने अमर्याद रोध दाखवला तर कॉइल, म्हणजे हीटरची तापणारी तार, तुटलेली आहे. कॉइलचे टोक बाहेरच्या धातूच्या आवरणाशी जोडलेले आढळले, तर तो हीटर ताबडतोब बदलावा, कारण त्यातून शॉक बसण्याचा आणि बटण बंद केल्यावरही हीटर तापत राहण्याचा धोका असतो. फ्यूजच्या जागी तार जोडून यंत्र चालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कदापि मानू नये. आग आणि घर यांच्यामध्ये यंत्राने ठेवलेला तो शेवटचा अडसर आहे.

ही भीती मी वाढवून सांगत नाही. लिंट हे कोरडे, सुटे आणि अत्यंत ज्वलनशील असते, आणि ते तापत्या हीटरच्या जवळ साठत असते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळातील घरगुती ड्रायरच्या आगींचा आढावा घेतला, तेव्हा त्यांमागचे सर्वांत मोठे कारण साफसफाई न करणे हे होते आणि त्याचा वाटा ३४ टक्के होता.

चेपलेली नळी काढून तिथे १०० मिलिमीटर व्यासाची, आतून गुळगुळीत असलेली धातूची नळी बसवल्यावर यंत्र पुन्हा पहिल्या वेळात कपडे वाळवू लागले. नळीविषयी पाच गोष्टी पुस्तिकेत ठळकपणे असायला हव्या होत्या. प्लॅस्टिकची किंवा पातळ वर्खाची नळी वापरू नये. तिच्या घड्यांत लिंट अडकते आणि पेटल्यास ती आग रोखू शकत नाही. नळी शक्य तितकी आखूड आणि सरळ असावी, कारण प्रत्येक काटकोनी वळण हवेला सुमारे दीड मीटर सरळ नळीएवढा अडथळा करते. सांधे जोडताना आत टोक शिरेल असे स्क्रू मारू नयेत, त्या टोकांवर लिंट लटकून राहते. पट्टीचे क्लॅम्प आणि धातूची चिकटपट्टी पुरेशी होते. बाहेरच्या तोंडाला झडप असावी पण बारीक जाळी नसावी, कारण पक्षी अडवण्यासाठी लावलेली जाळी काही महिन्यांत लिंटने बुजते. नळी थंड जागेतून जात असेल तर आत पाणी साठते आणि लिंटचा लगदा होतो, म्हणून तिला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा.

नळी मोकळी आहे की नाही हे पाहण्यासाठी उपकरण लागत नाही. यंत्र चालू असताना बाहेर जाऊन झडप पूर्ण उघडली आहे का आणि हवा जोराने येते का ते पाहावे. प्रवाह मंद वाटला तर नळी यंत्रापासून सोडवून थोडा वेळ यंत्र चालवावे. मागच्या तोंडातून हवा जोराने आली तर अडथळा नळीत आहे, तिथेही मंदच आली तर तो जाळी, खाच किंवा पंख्यात आहे. खोली पूर्ण बंद असेल तर यंत्राला आत घ्यायला हवाच मिळत नाही, हेही या चाचणीत लक्षात ठेवावे. खिडकी किंवा दार किंचित उघडे असणे आवश्यक आहे. जाळी दर वेळी, ब्रशने खाच दर महिन्याला आणि संपूर्ण नळी वर्षातून किमान एकदा साफ करण्याचा क्रम आम्ही पाळतो. वापर जास्त असेल किंवा घरात केस झडणारे पाळीव प्राणी असतील तर नळी त्याहून लवकर उघडावी.

आवाजांविषयी थोडक्यात. मोटर गुणगुणते पण ड्रम फिरत नाही आणि हाताने तो अगदी हलका फिरतो, तेव्हा पट्टा तुटलेला असतो. सतत येणारी किंचाळी बहुधा पट्टा ताणून धरणाऱ्या कप्पीची किंवा ड्रमखालच्या रोलरची असते. लयीत होणारी धपधप रोलरचा एखादा भाग चपटा झाल्याचे सांगते. कपड्यांवर तपकिरी डाग किंवा कडेला ओढल्याच्या खुणा दिसू लागल्या, तर ड्रमच्या कडेची नमद्याची पट्टी झिजलेली असते आणि कपडा तिच्या फटीत सापडत असतो. आमच्या यंत्राचा पट्टा आणि रोलर बदलून झाले आहेत, आणि इथे कंपनीची प्रशंसा करायला हवी: हे सुटे भाग सहज मिळतात, पुढचा पत्रा मोजक्याच स्क्रूंवर बसवलेला आहे, आणि पट्टा कोणत्या कप्पीवरून कसा जातो याची आकृती आतल्या बाजूला चिकटवलेली आहे. दुरुस्तीचा एवढा विचार करणाऱ्या रचनाकारांनी लिंटची खाच तशी अरुंद का ठेवली, हे मला उमगलेले नाही.

यंत्र अजिबात सुरू होत नसेल तर प्रथम दार पुन्हा घट्ट लावून पाहावे. दाराच्या खटक्यावर एक छोटा स्विच असतो. दार लावताना त्याचा टिक असा आवाज आला नाही तर दोष तिथे असण्याची शक्यता बरीच असते. यंत्राला हीटर चालू असताना सुमारे ९ ते १० अँपिअर प्रवाह लागतो, त्यामुळे ते १६ अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवरच चालवावे. एक्स्टेन्शन बोर्डावर ते लावल्यास प्लगच्या पिना तापतात आणि प्लॅस्टिक वितळू लागते. प्लग हाताला गरम लागणे ही सूचना मानून सॉकेट बदलून घ्यावा.

एक सूचना या यंत्राच्या पुस्तिकेत स्पष्ट दिलेली आहे आणि ती दिल्याबद्दल मी आभारी आहे. स्वयंपाकाचे तेल, जवसाचे तेल, रंग पातळ करण्याचे द्रव किंवा पेट्रोल लागलेले कपडे धुतले असले तरी ड्रायरमध्ये टाकू नयेत. धुण्याने तेल पूर्ण निघत नाही. उरलेले तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता निर्माण करते, आणि गरम कपड्यांच्या ढिगात ती उष्णता कोंडून कपडे आपोआप पेट घेऊ शकतात. याच कारणाने कार्यक्रमाच्या शेवटची थंड हवेची मिनिटे कधी तोडू नयेत, आणि मध्येच थांबवावे लागले तर कपडे लगेच बाहेर काढून पसरावेत. यंत्र चालू ठेवून घराबाहेर जाणे किंवा झोपणे मी योग्य समजत नाही, मग ते कितीही नवे असो.

बाहेरच्या भिंतीपर्यंत दोन-तीन मीटरच्या आत सरळ नळी नेता येईल अशी जागा ज्यांच्याकडे आहे, त्यांना व्हेंटेड ड्रायर घ्यावा असे मी निश्चित सांगेन. तो वेगवान आहे आणि त्याची दुरुस्ती सोपी आहे. नळीला तीन वळणे द्यावी लागणार असतील तर हीट पंपाचा, म्हणजे हवा बाहेर न सोडता तीच पुन्हा पुन्हा तापवून वापरणारा, ड्रायर पाहावा. तो साधारण निम्म्या विजेत तेच काम करतो, कमी तापमानावर वाळवत असल्याने कपड्यांची झीजही कमी होते, पण वेळ जास्त घेतो, त्याच्या पाण्याच्या टाकीकडे आणि जाळ्यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते, आणि त्यातला कॉम्प्रेसर घरी दुरुस्त होण्यासारखा नसतो. कोणताही घेतला तरी पैसे देण्यापूर्वी जाळी स्वतः बाहेर काढून खाचेत हात किती खोल जातो ते पाहावे, आणि थर्मल फ्यूज, पट्टा व रोलर सुटे मिळतात की प्रत्येक वेळी मोठा जोडभाग विकत घ्यावा लागतो, हे विक्रेत्याकडून नव्हे तर सर्व्हिस सेंटरकडून विचारून घ्यावे.